लहान मुलाचा संघ: स्वधर्म, अधिकार आणि काला

सहा-सात वर्षांच्या मुलाला कोणत्या फुटबॉल संघात घालावे, हा प्रश्न वरवर पाहता फी, अंतर आणि वेळापत्रकाचा वाटतो. मुळशी तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात, हिंजवडी, माण, मारुंजी, भूगाव, पिरंगुट या बाजूला, घराघरांत त्याची चर्चा होते ती याच अंगाने. सोसायटीत येणारा कोच बरा, टर्फवरची अकॅडमी बरी, शाळेचा संघ बरा, की गावातल्या पोरांबरोबर कापणी झालेल्या शेतात खेळू द्यावे? पण या निर्णयात एक अडचण मुळातच आहे. निवड करणारा एक, आणि त्या निवडीत दिवस काढणारा दुसरा. खेळणाऱ्याला अजून पर्याय तोलता येत नाहीत, आणि तोलणारा खेळणार नसतो. दुसऱ्याच्या भल्यासाठी, त्याला पुरते न विचारता ठरवण्याचा अधिकार कुठवर चालतो, हा नीतिविचारातला जुना प्रश्न आहे. स्वधर्म, अधिकार, फळ आणि प्रारब्ध या कल्पनांनी भारतीय परंपरेने तो हाताळला आहे, आणि वारकऱ्यांनी त्यात काल्याची भर घातली आहे.

मुळशीत मुलाच्या खेळाबाबत अशी निवड फार काळ करावीच लागली नाही. तालुक्याचा खेळ कुस्ती. महाराष्ट्रातल्या कुस्तीची संघटना उभी करणारे मामासाहेब मोहोळ मूळचे इथल्याच मुठा गावचे, आणि ‘महाराष्ट्र केसरी’ला मिळणारी गदा त्यांच्याच स्मृतीची. पोराने कोणत्या तालमीत जायचे हे बापाने ठरवलेले नसे, आजोबानेही नसे. ज्या आळीत घर, तिथली तालीम आपली. दारात मारुती, आत लाल मातीचा हौद, वर वस्ताद. लहान पोर आधी हौद खणायला, पाणी मारायला, थोरांच्या अंगाला माती लावायला शिके, डाव पुढे. त्याची निवड चाचणी कोणी घेत नसे. चपळ असो वा मठ्ठ, जोर-बैठका दोघांनाही सारख्याच, आणि कोण पैलवान होणार आणि कोण नुसता निरोगी शेतकरी राहणार याचा निकाल पंधरा-सोळाव्या वर्षांपर्यंत आपोआप लागे. अर्थात तालमीत सगळे आलबेल होते असे नाही. मुलींना तिथे जागा नव्हती, आणि जातीची शीव गावात होती तशी अनेक तालमींच्या उंबऱ्यावरही होती. तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी: मुलाला संघ निवडावा लागत नसे, तो लाभत असे.

फुटबॉल इथे आला तो निवडीचा खेळ म्हणून. हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञानाचा परिसर उभा राहिला, देशभरातली कुटुंबे राहायला आली आणि त्यांची मुले कोणत्याच तालमीच्या आळीत जन्मलेली नव्हती. तालुक्याच्या वेशीवर, म्हाळुंगे-बालेवाडीला, १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले शिवछत्रपती क्रीडासंकुल होतेच. २००७मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी तिथे आय-लीगचे सामने खेळला. भारत एफसी जेमतेम एक हंगाम टिकला. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ या काळात इंडियन सुपर लीग खेळून बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. ज्या क्लबांच्या जर्सी घालून या भागातली पोरे मैदानात उतरत होती ते सगळे दहा-बारा वर्षांत नाहीसे झाले. मोठ्या नावाची अकॅडमी म्हणजे भक्कम अकॅडमी, असे मानणाऱ्या पालकाने एवढा इतिहास तरी ध्यानात ठेवावा.

निवड करायचीच तर कसोटी कोणती? पहिला आधार स्वधर्माचा. परका धर्म आचरायला सोपा आणि दिसायला देखणा असला तरी स्वतःचा उणा धर्म श्रेयस्कर, असे गीता दोनदा सांगते, तिसऱ्या अध्यायात आणि अठराव्यात. ज्ञानेश्वरीत तिसऱ्या अध्यायाच्या या जागी लोकांची चुनेगच्ची घरे पाहून आपली गवताची झोपडी मोडावी काय, असा सवाल येतो. विनोबांनी १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता-प्रवचनांत याचा अर्थ अधिक नेमका केला. स्वधर्म शोधत हिंडावे लागत नाही, आई जशी जन्मासोबत मिळते तसा तो मिळालेलाच असतो, असे त्यांचे म्हणणे. हे संघाला लावले तर उत्तर सरळ येते. ज्या वस्तीत मूल राहते, ज्या पोरांबरोबर ते शाळेच्या बसमध्ये चढते, तो त्याचा संघ. वाकड किंवा औंधच्या अकॅडमीला आठवड्यातून चार संध्याकाळी गाडीने नेणे म्हणजे दुसऱ्याच्या चुनेगच्ची घरावर डोळा ठेवून आपले छप्पर उसकटणे.

या उत्तरावर दोन आक्षेप आहेत, आणि दोन्ही वजनदार आहेत. जन्माने मिळालेले तेच आपले, हा विचार चातुर्वर्ण्याच्या समर्थनासाठी शतकानुशतके वापरला गेला. त्यावर डॉ. आंबेडकरांनी केलेली टीका महाराष्ट्रात कोणालाही टाळता येत नाही. ज्याला वस्तीने मैदानच दिले नाही त्याला ‘तुझे ते तुला पुरे’ असे सांगणे हा धर्म नव्हे. दुसरा आक्षेप वयाचा. स्वधर्माचा आधार स्वभाव, आणि सात वर्षांच्या मुलाचा स्वभाव अजून घडतो आहे. आज गोलरक्षक व्हायचे म्हणणारे पोर दिवाळीनंतर तबला मागते. त्याच्या स्वभावाचा शोध लागला आहे असे समजून त्याला एका खेळाच्या, एका संघाच्या, एका जागेच्या साच्यात घालणे ही स्वधर्माच्या नावाने केलेली घाईच. तेव्हा जवळच्या संघाला प्राधान्य द्यावे हे खरे, पण ते प्राधान्य तात्पुरते. मुलाचा कल दिसेपर्यंत त्याला त्याच्या माणसांत ठेवणारा संघ बरा, इतकाच त्याचा अर्थ.

अधिकार आणि फळ यांच्या विचारात गाठ अधिक घट्ट बसते. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हे वाक्य मराठी घरांत इतके वापरले गेले आहे की त्याची धार गेली आहे. मैदानाच्या कडेला ती परत येते. कारण तिथे कर्म मुलाचे असते आणि फळाची आस बापाची. पास द्यायचा की गोलवर मारायचे हे मुलाने ठरवायचे, पण कुंपणाबाहेरून ‘मार, मार’ ओरडणारा त्या कर्मात भागीदार नसताना फळात वाटा मागतो. गीतेच्या चौकटीत ही आसक्ती दुहेरी ठरते, कारण ती दुसऱ्याच्या कर्मफळावरची आहे. संघ निवडताना पालकाला पडणारे प्रश्न या दृष्टीने तपासून पाहावेत. ‘या संघाने गेल्या वर्षी किती करंडक जिंकले’ हा प्रश्न बहुधा पालकाच्या फळाचा असतो. ‘इथे चुकले तर काय होते’ हा मुलाच्या कर्माचा.

विवेकानंदांचे १८९७चे मद्रासचे व्याख्यान क्रीडासंस्थांना फार प्रिय आहे. गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉलने स्वर्ग अधिक जवळ येईल, अशा आशयाचे त्यांचे विधान पुष्कळ व्यासपीठांवरून ऐकू येते. ते तरुणांना उद्देशून होते आणि रोख दुबळेपणावर होता. अंगात बळ आले की गीताही अधिक कळेल, असा त्याचा उत्तरार्ध आहे. करंडकाचा त्यात कुठे उल्लेख नाही, आणि सात वर्षांच्या मुलांना ‘अ’ आणि ‘ब’ संघांत वाटण्याला तर त्यातून काहीच आधार मिळत नाही.

ही वाटणी कशी होते, हे पाहिले की प्रारब्धाची कल्पना वेगळ्या रूपात समोर येते. वयोगटाची सीमा बहुतेक ठिकाणी १ जानेवारीला धरतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले मूल आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच गटात येतात. सात वर्षांच्या वयात या अकरा महिन्यांच्या अंतराने आयुष्याचा जवळजवळ सातवा भाग व्यापलेला असतो. थोरले उंच असते, धावायला जोरदार असते, सूचना लवकर पकडते. कोच त्याला ‘टॅलेंट’ म्हणतो. मग त्याला सराव अधिक, सामने अधिक, आणि दोन-तीन वर्षांत ते खरोखरच सरस होते. कॅनडातल्या आइस हॉकीत रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५मध्ये हे दाखवून दिले, आणि पुढे फुटबॉलसह अनेक खेळांत तेच आढळले. पूर्वसंचिताने काहीतरी पदरात पडते, असे कर्मसिद्धान्त म्हणतो. इथे जे पदरात पडते ते कॅलेंडरने दिलेले असते, आणि त्यालाच गुणवत्तेचे नाव मिळते. यातून निघणारा निष्कर्ष व्यावहारिक आहे. सहा-सात वर्षांच्या मुलांची चाचणी घेऊन निवड करणारा संघ बहुतांशी जन्मतारखा निवडत असतो. त्या चाचणीत मूल निवडले गेले तर अभिमानाचे आणि नाकारले गेले तर दुःखाचे कारण फारसे उरत नाही. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७पासून मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७मध्ये मुलांचे हक्क म्हणून ते मांडले. तिथे मूल अकरा वर्षांचे होण्याआधी निकालांचे तक्ते आणि क्रमवारी लावली जात नाही. भारतात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ‘बेबी लीग’ नावाने लहानग्यांच्या स्पर्धा सुरू केल्या. लहान मैदान, प्रत्येक बाजूला कमी खेळाडू, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू अधिक लागावा, असा त्यांचा रोख होता. हेतू चांगला, पण तोही आयोजक आणि पालक यांच्या हाती.

वारकरी परंपरेने खेळाकडे पाहिले ते या सगळ्याच्या पलीकडून. तुकारामांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, हुंबरी, फुगडी अशा पोरखेळांवर अभंग आहेत. खेळाचा तपशील त्यांत अचूक येतो आणि त्यातूनच परमार्थाचे रूपक बांधले जाते. खेळ हा परमार्थाला अडथळा मानणारी वृत्ती तिथे नाही. आणि या साऱ्या खेळांचा शेवट काल्यात. मुळशीतल्या कुठल्याही गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते, त्यामुळे ही कथा इथल्या पोरांना शाळेत जायच्या आधीपासून माहीत असते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडायच्या, कोणाची शिळी भाकर, कोणाचा दहीभात, कोणाचे लोणचे, सगळे एकत्र कालवायचे आणि कृष्णाने ते वाटायचे. त्या उष्ट्याच्या आशेने देव मासे होऊन यमुनेत टपून बसले. कृष्णाने हे ओळखले आणि सवंगड्यांना हात पाण्यात धुवू दिले नाहीत, घोंगडीला पुसायला लावले. या कथेत दोन गोष्टी आहेत. ज्याची शिदोरी हलकी त्याचा घास लहान नाही. आणि कालवून झाल्यावर कोणाची भाकर कोणती हे सांगता येत नाही.

लहान मुलांच्या संघासाठी यापेक्षा चांगली कसोटी सापडणे कठीण. काल्याच्या न्यायाने चालणाऱ्या संघात पाय अडखळणारे पोरही जवळजवळ तितकाच वेळ खेळते, गोलरक्षकाची जागा फिरती असते, आणि सामना संपल्यावर गोल कोणी केला याची चर्चा डबे उघडेपर्यंतच टिकते. ज्या संघात चार मुले प्रत्येक रविवारी बाकावर बसून पाणी पितात आणि तरीही त्यांची फी पूर्ण घेतली जाते, तिथे शिदोऱ्या एकत्र केल्या जातात पण वाटणी होत नाही. काल्याचे काय होऊ शकते हेही याच महाराष्ट्राने पाहिले आहे. दहीहंडीला बक्षिसे लागली, थर वाढत गेले, आणि सर्वांत वरच्या थराला सर्वांत लहान पोर चढवले जाऊ लागले. चौदा वर्षांखालील मुलांना थरांवर चढू देणार नाही, अशी हमी २०१७मध्ये राज्य सरकारला मुंबई उच्च न्यायालयात द्यावी लागली. वाटून खाण्याची ही कथा बालकांच्या अंगावर चढाओढ बनून आली, कारण मोठ्यांना त्यात फळ दिसले. फुटबॉलमध्ये कोणी पडून जायबंदी होण्याची तितकी भीती नसते, म्हणून तिथली चढाओढ नजरेत कमी भरते एवढेच.

काला सर्वांचा, तर मग कुंपणाबाहेरच्यांचे काय? टर्फच्या जाळीबाहेर उभे राहून आत पाहणारी मुले मुळशीच्या नव्या वस्त्यांत सगळीकडे दिसतात. बांधकामावरच्या मजुरांची, जमिनी विकून गेलेल्या गावकऱ्यांच्या शेजाऱ्यांची, वॉचमनची. एकलव्याची गोष्ट महाराष्ट्रात गुरुभक्तीचे उदाहरण म्हणून जितकी सांगितली गेली, तितकीच ती नाकारलेल्या अधिकाराची गोष्ट म्हणूनही वाचली गेली आहे, आणि दुसरे वाचन अधिक प्रामाणिक आहे. द्रोणाने त्याला कौशल्य नाही म्हणून नाकारले नव्हते. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१मध्ये ‘स्लम सॉकर’ सुरू केले, ते झोपडपट्टीतल्या मुलांना पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहून. नागराज मंजुळे यांचा २०२२चा ‘झुंड’ त्याच कामावर आधारलेला. तिथे मुलांनी संघ निवडला नाही आणि संघानेही मुले निवडली नाहीत. जी होती ती घेतली. पालकापुढचा प्रश्न यामुळे अवघड होतो. आपल्या मुलासाठी चांगले ते पाहणे हे त्याचे कर्तव्यच, पण ज्या संघात सगळी मुले एकाच उत्पन्नगटातली, एकाच इंग्रजीत बोलणारी, तो संघ मुलाला सोबत खेळणाऱ्या माणसांचे जग आहे त्याहून लहान करून दाखवतो. सोसायटीच्या मैदानावर रविवारी गावातल्या पोरांना बोलावणारे कोच आहेत. त्यांच्याकडे मूल पाठवणे हा निव्वळ परोपकार ठरत नाही, त्यात मुलाचाही लाभ आहे.

आता उलट बाजू. लाभलेला संघ हाच चांगला, असे म्हणताना कोल्हापूर विसरता येत नाही. तिथला फुटबॉल तालमींचा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या संस्थांनीच चेंडू हाती घेतला आणि पेठेची निष्ठा मैदानावर उतरली. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघासाठी हजारो माणसे जमतात, असे दृश्य महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच दिसेल. त्याच निष्ठेतून हुल्लडबाजी आणि हाणामारीही होते, आणि लहान पोर सामना पाहायला येते तेव्हा दोन्ही एकाच श्वासात शिकते. शिवाय पेठ कितीही प्रेमळ असली तरी प्रत्येक मुलाला ती पुरत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत पुण्याला आला, पुढे पुणे एफसीच्या अकॅडमीत गेला आणि २०१७मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. त्याला कोणी ‘आपली झोपडी सोडू नको’ म्हणून अडवले असते तर तो अधर्मच ठरला असता. फरक पडतो तो वेळेचा आणि ओढ कोणाची आहे याचा.

ओढ कोणाची, हे ओळखण्यात तुलना मोठा अडथळा आणते. जे. कृष्णमूर्ती शिक्षणावर बोलताना वारंवार तुलनेवर बोट ठेवत. एका मुलाला दुसऱ्याच्या मापाने मोजले की दोघांकडेही पाहणे थांबते, असा त्यांचा मुद्दा. राजगुरुनगरजवळची त्यांच्या विचाराची सह्याद्री शाळा पुणे जिल्ह्यातच आहे, पण मैदानाच्या कडेला हा विचार पोचणे शाळेत पोचण्यापेक्षा कठीण. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८च्या ‘होमो लुडेन्स’मध्ये स्वेच्छा हेच खेळाचे पहिले लक्षण मानले, हुकमावरून होतो तो खेळ नव्हे, फार तर खेळाची नक्कल. आणि हुकूम नेहमी आवाज चढवूनच दिला जातो असे नाही. महागडे बूट, पूर्ण वर्षाची आगाऊ फी, आजी-आजोबांना पाठवलेले व्हिडिओ, हे सगळे मुलाच्या लेखी हुकूमच.

मुलाला विचारावे काय? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत खेळण्याचा हक्क आणि स्वतःविषयीच्या निर्णयांत मत मांडण्याचा हक्क दोन्ही आहेत, आणि भारताने ती १९९२मध्ये स्वीकारली. गीतेची साक्ष त्याहून जुनी. अठराव्या अध्यायात, उपदेश संपत आल्यावर, कृष्ण अर्जुनाला म्हणतो की यावर नीट विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर. अर्जुन प्रौढ होता, हा भेद मान्य. सात वर्षांच्या मुलाला सगळा निर्णय सोपवणे म्हणजे जबाबदारी झटकणे होईल. पण त्याला जे कळते ते विचारता येते: तिथे कोण मित्र आहे, कोच रागावतो तेव्हा काय म्हणतो, हरल्यावर घरी येताना पोटात कसे होते. ही उत्तरे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा भरवशाची. त्यांची सत्यता पडताळायला पालकाने फी भरण्याआधी एखादा सराव आणि एखादा हरलेला सामना पाहावा. जिंकलेला पाहून काही कळत नाही.

संघ बदलण्याचा प्रश्न निवडीइतकाच नाजूक. एकदा घेतलेले व्रत मध्येच टाकू नये, असा संस्कार मराठी घरांत आहे, आणि संघाच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी योग्यही आहे, कारण हंगामाच्या मध्यावर एक मूल निघून गेले की उरलेल्यांचा खेळ मोडतो. निष्ठा शिकवायची तर ती इथे. परंतु व्रत घेणाऱ्याने ते समजून घेतलेले असावे लागते, आणि या व्रताचा संकल्प दुसऱ्यानेच सोडलेला असतो. म्हणून हंगाम पुरा करावा आणि मग मोकळेपणाने बदलावे, ही मधली वाट बहुतेकांना झेपते. अपमान, मारहाण किंवा अंगलट करणारा कोच असेल तर हंगामाची मर्यादा लागू होत नाही, त्याच दिवशी मुलाला तिथून काढावे आणि योग्य ठिकाणी तक्रार करावी. बदल करताना मुलाने जुन्या सवंगड्यांना आणि कोचला स्वतः भेटून निरोप घ्यावा. तालमीतून शिकायला दुसरीकडे जाणारा पठ्ठा वस्तादाच्या पाया पडून निघतो, त्यातला हा भाग नव्या मैदानांवर आणण्यासारखा आहे. आणि मुलाला फुटबॉलच नको असेल, गावच्या तालमीत जायचे असेल किंवा नुसते बांधावर बसून बैल पाहायचे असतील, तर ते उत्तरही या प्रश्नाच्या कक्षेत येते. अशा मुलासाठी त्या वर्षी कोणताच संघ निवडायची गरज नसते.